मारखा व्हॅली, ऑगस्ट आणि आठ दिवसांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडचे सहा जण, वयं २४ ते ५८. कात्रज ते सिंहगड साडेसहा तासांत करतात, राजगड-तोरणा झालेला आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लडाखात मारखा व्हॅलीचा ट्रेक करायचा आहे, पुणे ते पुणे एकूण ८ दिवसांत. मोबाइलवर लेहचं हवामान बघितलं तर २४ अंश आणि पावसाची शक्यता शून्य. तर हे आठ दिवसांत बसेल का, ५८ वर्षांच्या बाबांना बीपीची गोळी चालू आहे तर त्यांना न्यावं का, आणि पावसासाठी पाँचो घ्यावा की छत्री पुरे?

आधी सरळ उत्तर देतो, मग कारणं. आठ दिवसांत बसत नाही. अकरा हवेत, ओढूनताणून दहा. बाबांना नेता येईल, पण आधी डॉक्टरांकडे. पाँचो आणि छत्रीचं शेवटी सांगतो, कारण तो प्रश्न वाटतो तितका साधा नाही.

गेली वीसेक वर्षं मी पुण्यातून लडाख-स्पितीला गट घेऊन जातोय आणि दरवर्षी एक गोष्ट नव्याने समजावावी लागते. आपण सह्याद्रीत चालायला शिकलो. आपलं सगळं हवामान 'पाऊस आहे का' या एका प्रश्नाभोवती फिरतं. पाऊस असेल तर कातळ निसरडा, धबधब्याची वाट बंद, ओढ्याला पाणी, धुक्यात वाट चुकायची भीती. पाऊस नसेल तर सगळं सोपं, फक्त पाणी जास्त न्या. लडाखात या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ रोज 'नाही' असंच येतं आणि त्यानेच माणूस फसतो. तिथे विचारायचं ते 'किती वाजले?'

लडाख कोरडं का, हे पुणेकराला सांगायला नकाशा लागत नाही. ताम्हिणीत वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिथून पन्नासेक किलोमीटरवर पुण्यात सातशेच्या घरात, आणि दौंडकडे सरकलं की आणखी कमी. ढग घाट चढताना रिते होतात. हिमालयाचा घाट पाच-सहा हजार मीटरचा, त्यामुळे पलीकडे लेहच्या वाट्याला वर्षभरात मिळून साधारण शंभर मिलिमीटर येतो. ताम्हिणीत जुलैतल्या एखाद्या दिवसात एवढा पडून जातो.

या कोरडेपणातून पुढचं सगळं निघतं. हवेत बाष्प नाही आणि हवाही विरळ, त्यामुळे ऊन थेट अंगावर येतं आणि सूर्य डोंगराआड गेला की ऊब धरून ठेवायला काही उरत नाही. मारखा दरीतल्या हांकर गावात एकदा मी भिंतीच्या सावलीत जॅकेट घालून चहा पीत होतो आणि दोन हातांवर उन्हात बसलेल्या आमच्यातल्या मुलीने बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या होत्या. दोघांचंही बरोबर होतं. घाम येतो पण दिसत नाही, आल्या आल्या उडून जातो. म्हणून आपली माणसं 'आज घामच नाही आला' म्हणत दिवसभरात लिटरभर पाणी पितात आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात.

आता घड्याळाकडे येऊ.

मारखा नदीला, आणि तिला येऊन मिळणाऱ्या ओढ्यांना, पाणी येतं ते वरच्या बर्फाचं. सूर्य वर आला की बर्फ वितळायला लागतं, ते पाणी खाली पोचायला काही तास जातात. म्हणजे पहाटे सगळ्यात कमी पाणी आणि दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत सगळ्यात जास्त. आकाश स्वच्छ निळं, ऊन कडक, पावसाचा थेंब नाही आणि ओढा चढत चाललाय, हे दृश्य सह्याद्रीतल्या माणसाच्या डोक्यात बसतच नाही. आपल्याकडे ओढा चढला म्हणजे वर पाऊस झाला. तिथे ओढा चढला म्हणजे ऊन चांगलं पडलं.

एका वर्षी आमचा गट दुपारच्या जेवणाला रेंगाळला. मीच परवानगी दिली होती, गावात लग्नघर होतं, छांगचा, म्हणजे तिथल्या घरगुती दारूचा, आग्रह चालू होता, फोटो चालू होते. पाण्यातून पलीकडे जायच्या जागी पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. पाणी राखाडी, सिमेंट कालवल्यासारखं. तळ दिसत नव्हता, पण आवाज येत होता, तळाचे दगड गडगडत एकमेकांवर आपटत होते तो. माझ्या घोडेवाल्याने एक घोडा आत घातला, पाणी त्याच्या पोटाला लागलं, त्याने घोडा मागे फिरवला आणि काही न बोलता सामान उतरवायला लागला. आम्ही तिथेच, अलीकडे, चिवडा आणि सूप यावर रात्र काढली. पहाटे पावणेसहाला त्याच जागी पाणी गुडघ्याच्या खाली होतं. गटातले दोन जण मला म्हणाले, 'सर, काल उगाच घाबरलो.' त्यांना काय सांगणार?

आता दरीत पूल बरेच झाले आहेत, गाडीरस्ताही आत गेलाय. चिलिंगला झंस्कार नदीवर पूर्वी दोरावरच्या पाळण्यात बसून जावं लागायचं, तिथेही पूल आहे. तरी एखादा पूल पुरात वाहून गेलेला असतोच. पाण्यातून जायची वेळ आली तर पायात काहीतरी घालूनच जा, अनवाणी नको. सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडलात तर सॅक फेकता येईल. आणि नदी अरुंद दिसते तिथून जाऊ नका. आपल्याला अरुंद जागा सोपी वाटते, पण तिथेच पाणी खोल आणि वेगवान असतं. जिथे ती पसरून तीन-चार धारांत वाहते तिथून, प्रवाहाकडे तोंड करून, एकमेकांच्या दंडात दंड अडकवून.

नदीसारखंच वाऱ्याचं. दरीतली हवा तापली की ती वर चढायला लागते आणि खालची हवा तिची जागा घ्यायला दरीतून वर धावते. अकरा-बाराच्या सुमारास सुरुवात होते आणि दुपारी जोर येतो, सूर्य मावळला की तासाभरात बंद. लेहची विमानं बहुतेक सगळी सकाळी असतात ती यामुळेच, दुपारी वारा आणि तापलेली विरळ हवा दोन्ही वैमानिकाच्या विरुद्ध जातात. तंबू लावायचा असेल तर दोनच्या आत लावून मोकळे व्हा. चार वाजता सहा माणसं एका तंबूच्या कापडामागे धावताहेत, हा खेळ बघायला बरा असतो. वारा आणि थंडी एकत्र आली की आकडेही फसवतात. ५ अंश तापमान आणि ताशी ४० किलोमीटर वारा असेल तर अंगाला ते उणे एकच्या आसपास जाणवतं.

तिसरं घड्याळ ढगांचं. ऑगस्टमध्ये सकाळी आकाश काचेसारखं, दहा-अकराला शिखरांवर कापसाचे पुंजके, दुपारी त्यांचे बुरूज होतात. बहुतेक दिवशी ते संध्याकाळी विरघळतात. काही दिवशी गडगडाट, गारा, आणि खिंडीवर बर्फ. मारखातली मोठी खिंड म्हणजे कोंगमारू ला, ५,२०० मीटरच्या थोडी वर. तिच्या अलीकडचा मुक्काम निमालिंग, ४,७०० च्या वर, मोठं गवताळ कुरण, समोर ६,४०० मीटरचं कांग यात्से शिखर. तिथून पहाटे पाच-साडेपाचला निघा. आठ-साडेआठला खिंडीवर असाल, फोटो काढा, नऊला उतरायला लागा.

लोकांना वाटतं की लवकर निघायचं ते खिंडीसाठी. मला खिंडीपेक्षा तिच्या पुढच्या उताराची धास्ती जास्त असते. खिंडीपासून शांग सुमदोपर्यंत साधारण दीड हजार मीटर उतार आहे आणि त्यातला बराच भाग अरुंद घळीतून जातो. वाट ओढ्याच्या या बाजूने, मग त्या बाजूने, मग पात्रातूनच. दोन्हीकडे तांबड्या-जांभळ्या मातीचे उभे कडे, त्यातून दगड सुटतात. दुपारी वर कुठेतरी सर आली तर त्या घळीत बाजूला व्हायला जागा नाही. म्हणून माझा नियम असा की दुपारी दोनपर्यंत घळीच्या बाहेर. चहाच्या तंबूत पाय पसरायचे ते तिथे, आधी नाही.

इथे २०१० सांगायलाच हवं, कारण 'लडाखात पाऊस पडत नाही' या वाक्याची किंमत तिथल्या लोकांनी तेव्हा मोजली. ५ ऑगस्टच्या रात्री, मध्यरात्रीच्या सुमारास, लेह आणि आसपास ढगफुटी झाली. दोनशेहून जास्त माणसं गेली. लेहलगतचं चोगलमसर चिखलाच्या लोंढ्याखाली गेलं. आणि त्या वेळी लेहच्या पर्जन्यमापकात नोंद झाली १२.८ मिलिमीटर. पुण्यात एवढ्या पावसात कुणी गाडी बाजूला घेऊन रेनकोटही चढवत नाही. मापक होता तिथे तेवढाच पडला, काही किलोमीटरवरच्या उतारांवर कितीतरी पटींनी पडला, आणि तो मोजायला तिथे काही नव्हतं. शिवाय तिथल्या डोंगराला गवत नाही, झाड नाही, पाणी धरणारी माती नाही. पडलेला थेंब थेट खाली निघतो आणि वाटेतली वाळू, दगड, गाळ घेऊन येतो. सह्याद्रीत शंभर मिलिमीटरने जे होत नाही ते तिथे वीस-तीस मिलिमीटरने होऊ शकतं.

तेव्हा मुक्काम कुठे करता याला महत्त्व आहे. नाल्याच्या तोंडाशी पांढऱ्या वाळूची छान सपाट जागा दिसते, तंबू लावायला जणू कुणी सारवून ठेवलेली. ती जागा मागच्या लोंढ्यानेच केलेली असते आणि पुढचाही तिथेच येणार. आजूबाजूला जुनी घरं कुठे आहेत ते बघा. ती सहसा बाजूच्या उंचवट्यावर असतात, शेतं खाली असतात. शक्य असेल तर सरळ होमस्टेमध्ये राहा. मारखात जवळपास प्रत्येक गावात आहेत, पैसे गावात राहतात, आणि चुलीजवळ बसायला मिळतं. निमालिंगला मात्र गाव नाही, तिथे तंबूच.

मोबाइलवरच्या हवामानाबद्दल. तुम्ही जो आकडा बघताय तो लेह शहराचा, ३,५०० मीटरवरचा. निमालिंग त्याहून बाराशे मीटर वर. हजार मीटरला साडेसहा अंश असा ढोबळ हिशेब धरला तर तिथे दिवसाच सात-आठ अंश कमी, आणि ऑगस्टमध्येही रात्री शून्याच्या आसपास, कधी खाली. सकाळी तंबूच्या आतल्या बाजूला तुमच्याच श्वासाचं बर्फ जमलेलं दिसेल. त्यात हे अ‍ॅप जी गणितं वापरतात ती कित्येक किलोमीटरच्या चौकोनाची सरासरी काढतात, आणि लडाखात त्या एका चौकोनात दरी, खिंड आणि हिमशिखर तिन्ही बसतात. जमिनीवर मोजमाप करणारी ठिकाणंही थोडी. लेहला हवामान विभागाचं स्वतंत्र केंद्र सुरू झालं तेच २०२० च्या अखेरीस.

थोडं विषयांतर, पण शिवाजीनगरला सिमला ऑफिस चौकातून रोज जाणाऱ्यांना हे आवडेल. हवामान खात्याची मुख्य कचेरी १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आली म्हणून ते नाव पडलं. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव राहिलं. हिमालयातलं हवामान पुण्यात बसून बघायची परंपरा अशी जुनी आहे.

अ‍ॅप अगदी टाकाऊ नाही. पावसाची टक्केवारी सोडून द्या आणि तीन-चार दिवसांचा कल बघा: ढग वाढताहेत का, वरच्या थरातला वारा वाढतोय का. त्याहून उपयोगाचं म्हणजे हिमाचल आणि जम्मूचे इशारे. तिकडे ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर मान्सूनचं बाष्प रांग ओलांडून लडाखात सांडायची शक्यता वाढलेली असते. दोन दिवस लेहला थांबा. आणि होमस्टेच्या आमाले म्हणाली की उद्या लवकर निघा, तर का ते विचारत बसू नका. आमाले म्हणजे आई, तिथे घरच्या बाईला असंच म्हणतात.

आता शरीराचं. इथे मी जरा रागावून लिहिणार आहे, समजून घ्या.

कात्रज ते सिंहगड साडेसहा तासांत करणं कौतुकाचं आहे. विरळ हवेशी त्याचा संबंध नाही. पुणे ५६० मीटरवर, सिंहगड तेराशेच्या आसपास, आपलं सगळ्यात उंच कळसूबाई १,६४६. तुम्ही विमानातून उतरता ते ३,५०० वर, जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के असतो. निमालिंगला ५५ टक्क्यांच्या आसपास. तंदुरुस्तीने पाय चालतात, पण उंचीशी जुळवून घ्यायचं काम शरीर आपल्या गतीने करतं, त्याला दिवस लागतात आणि पर्वतीच्या पायऱ्या रोज दहादा चढून ते दिवस कमी होत नाहीत. उलट तयारीची मुलंच जास्त आजारी पडतात, कारण ती वेगाने जातात आणि डोकं दुखतंय हे सांगायला लाजतात.

असाच एक सव्वीस वर्षांचा मुलगा होता, मॅरेथॉन पळणारा. निमालिंगला सगळ्यांच्या आधी पोचला. संध्याकाळी जेवला नाही, 'दमलोय' म्हणाला. रात्री आठला मी त्याला तंबूबाहेर काढलं आणि गवतावर एका रेषेत चालायला सांगितलं, एका पायाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच लावत. तिसऱ्या पावलाला तो डावीकडे कलंडला. हसला, पुन्हा उभा राहिला, पुन्हा कलंडला. दारू न पिता माणूस दारू प्यायल्यासारखा चालायला लागला तर ती मेंदूला सूज आल्याची खूण असते, आणि तिथे 'सकाळी बघू' चालत नाही. डेक्सामेथासोनचं इंजेक्शन दिलं, घोड्यावर बसवलं, दोन्ही बाजूंनी दोन माणसं, आणि बॅटरीच्या उजेडात हांकरपर्यंत उतरलो. साडेसातशे मीटर खाली. पोचलो तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. सकाळी तो खंबीर, म्हणजे तिथली जाड रोटी, आणि जॅम खात बसला होता आणि रात्रीचं त्याला अर्धंच आठवत होतं.

साध्या भाषेत: डोकेदुखी, मळमळ, भूक नाही, झोप नाही, हे असेल तर आहात तिथेच थांबा, वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागते, खोकला, छातीत खरखर, किंवा तोल जातो, असंबद्ध बोलणं, तर ताबडतोब खाली, रात्र असली तरी. कोविडपासून घरोघरी ऑक्सिमीटर आहे, तो आणा, पण एका आकड्यावर घाबरू नका किंवा निर्धास्त होऊ नका. लेहला पहिल्या दोन दिवसांत ८५ ते ९० दिसणं नेहमीचं आहे आणि बोटं गार असली तर यंत्र काहीही दाखवतं. माणसाकडे बघा, जेवतोय का, बोलतोय का.

म्हणून दिवस वाढवायला सांगतोय. तीन हजारांच्या वर एका रात्रीहून दुसऱ्या रात्रीची झोपायची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं, हा जगभर मानला जाणारा नियम आहे. तो लावला तर असं होतं: पहिला दिवस लेह, नुसतं पडून राहायचं, अंघोळ नाही केली तरी चालेल. दुसरा दिवस बाजारात सावकाश फेरी. तिसऱ्या दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या, तेवढंच. चौथ्या दिवशी गाडीने चिलिंगमार्गे स्किउ, ते लेहपेक्षा थोडं खालीच आहे आणि हाच या ट्रेकचा मोठा गुण. पाचवा दिवस मारखा गाव, ३,८०० च्या आसपास. सहावा हांकर ओलांडून थाचुंगत्से, ४,२५०. सातवा निमालिंग. आठवा तिथेच विश्रांती. नवव्या दिवशी खिंड आणि संध्याकाळी लेह. दहावा दिवस मोकळा, अकराव्याला विमान. दहात बसवायचं असेल तर निमालिंगचा विश्रांतीचा दिवस गाळावा लागेल, आणि मी तो सगळ्यांची तब्येत बघूनच गाळेन. शेवटचा मोकळा दिवस गाळू नका. लेहची विमानं हवेमुळे रद्द होतात आणि दिल्लीहून पुण्याचं पुढचं तिकीट त्यात बुडतं.

रजा शिल्लक असेल तर जाताना श्रीनगर-कारगिल रस्त्याने जा. कारगिल २,७०० च्या आत आहे, तिथे एक रात्र झोपून लेहला पोचलात तर शरीर निम्मं तयार असतं. मनालीकडून पहिल्यांदा जाऊ नका. त्या वाटेवर मुक्काम पडतो तो सरचूला, ४,२०० च्या वर, आणि ती रात्र बहुतेकांची उलट्यांत जाते.

बाबांचं. वय अडचण नाही. माझ्या गटांत साठीच्या पुढची माणसं सगळ्यात कमी आजारी पडतात, कारण ती हळू चालतात आणि सांगितलेलं ऐकतात. पण उंचीवर रक्तदाब वाढतो, इथे गोळीने जेमतेम ताब्यात असलेला तिथे राहीलच असं नाही. जायच्या दीड-दोन महिने आधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना ५,२०० मीटरचा आकडा सांगून विचारा, नुसतं 'लडाखला चाललोय' म्हणू नका, त्यांना वाटेल गाडीत बसून पँगाँग बघायला चाललेत. हृदयाची तपासणी ते सांगतील तशी. डायमॉक्सचं, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं, त्यांनाच विचारा. प्रतिबंध म्हणून सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, पण ती लघवी वाढवणारी गोळी आहे, आणि बीपीच्या काही गोळ्याही तेच करतात. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगा. चालेल म्हणाले तर पुण्यात असतानाच दोन दिवस घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात, सोडा पाणचट लागतो, हे आधी माहीत असलं की तिथे घाबरायला होत नाही. बीपीची गोळी मात्र तिथे जाऊन कुणीतरी सांगितलं म्हणून बंद करायची नाही.

सामानात फार शिरत नाही. सुती कपडे कमी, लोकरीची टोपी आणि वारा अडवणारं जॅकेट नक्की. गॉगल चांगला घ्या, दर हजार मीटरला अतिनील किरणं दहा-बारा टक्क्यांनी वाढतात आणि खिंडीवर ताजं बर्फ असेल तर एका सकाळीत डोळे भाजतात. ओठ, कानांच्या पाळ्या, नाकाच्या खालची बाजू इथे सनस्क्रीन विसरतं. आपले कातळाला चिकटणारे हलके बूट सुट्या दगडांच्या उतारावर घोट्याला आधार देत नाहीत, उंच बूट घ्या आणि ते इथे महिनाभर वेताळ टेकडीवर घालून फिरा.

खाण्यात बाकरवडी नेणार, हे गृहीत धरतो. पाकीट लेहला पोचेपर्यंत फुग्यासारखं टम्म होतं आणि निमालिंगला सॅकमध्ये फुटतं, मग झोपायच्या पिशवीत तीळ-खोबरं. निघतानाच टाचणीने भोक पाडून डब्यात भरा. वरणभाताचा हट्ट धरू नका. निमालिंगला पाणी ८४ अंशांच्या आसपासच उकळतं, कुकरशिवाय डाळ शिजत नाही. थुक्पा, म्हणजे तिथलं शेवयांचं सूप, खा, तो पोटाला हलका आणि पाणीही जातं.

आपली प्रीपेड सिम तिथे चालत नाहीत, एकाकडे तरी पोस्टपेड हवं, आणि दरीत बहुतेक ठिकाणी तेही गप्प. कुणी परदेशातून सॅटेलाइट फोन किंवा तसलं संदेश पाठवणारं यंत्र आणलं असेल तर घरीच ठेवा. परवानगीशिवाय ते बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे आणि विमानतळावर माणसं अडकली आहेत. स्थानिक वाटाड्या आणि एक घोडा जास्तीचा, रिकामा. त्या रात्री निमालिंगहून आम्हाला उतरवलं ते त्याच रिकाम्या घोड्याने, आणि त्याच्या भाड्यावरून सकाळी गटात कुरकुर झाली होती.

राहिला पाँचो. तो नका घेऊ. दुपारच्या वाऱ्यात तो डोक्यावर येऊन बसतो आणि पाय दिसत नाहीत, आणि घळीतल्या वाटेवर पाय दिसायलाच हवेत. चांगलं वॉटरप्रूफ जॅकेट आणि पँट घ्या. छत्री मात्र जरूर न्या, लहान, घडीची. स्किउ ते मारखा या टप्प्यात कित्येक तास सावली नाही आणि सकाळी वारा सुटायच्या आधी बाबांना तिचा उपयोग होईल. वारा सुटला की मिटून सॅकला बांधा.